ई-मेल वार्तापत्रातील न दिसणारी चित्रे : कारणे, निदान आणि उपाय

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन ग्रामीण तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेले असून, एकीकडे तानसा-भातसाचे पाणी, भाजीपाला आणि रोजची नोकरी यांनी ते मुंबईशी घट्ट बांधलेले आहेत, तर दुसरीकडे माळशेज व कसारा घाटांखालच्या त्यांच्या कित्येक वाड्या-पाड्यांवर मोबाइलचे नेटवर्क आजही जागोजागी तुटते. या भागात झालेल्या कामांची ओळख बाहेरच्या जगाला बहुतांशी छायाचित्रांतून झाली आहे. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळा, १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालेले धसई, किंवा शहापुरात कातकरी तरुणांनी वन धन केंद्राच्या आधाराने उभा केलेला गुळवेलीचा व्यवसाय, ही त्याची ठळक उदाहरणे होत. अशा भागातील एखादी शाळा, शेतकरी गट, बचत गट किंवा सामाजिक संस्था जेव्हा आपल्या कामाचे वार्तापत्र ई-मेलने पाठवते, तेव्हा ते मुंबई-ठाण्यातील देणगीदारांच्या व खरेदीदारांच्या कार्यालयांत पोहोचते आणि त्याच वेळी गावातील सभासदांच्या मोबाइलवरही उघडले जाते. या दोन टोकांना वाचनाची साधने वेगळी असल्यामुळे चित्रे न दिसण्याची कारणेही वेगळी असतात, आणि पाठवणाऱ्याच्या संगणकावर सर्व काही नीट दिसत असल्याने दोष नेमका कोठे आहे हे त्याच्या लक्षात येत नाही.

ही अडचण दुरुस्त करता येते, मात्र त्यासाठी चित्र ई-मेलमधून कसे जाते हे आधी समजून घ्यावे लागते. चित्र दिसण्याची पूर्ण खात्री कोणत्याही उपायाने मिळत नाही, म्हणून चित्र दिसले नाही तरी आशय पोहोचेल अशीच वार्तापत्राची रचना असली पाहिजे, हे या प्रकरणाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

चित्र ई-मेलमधून कसे जाते

ई-मेलची मूळ रचना केवळ इंग्रजी अक्षरांच्या मजकुरासाठी होती. १९८२ मध्ये ठरलेल्या मानकात चित्राला तर नाहीच, पण देवनागरी अक्षरालाही जागा नव्हती. ही मर्यादा नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या माइम या मानकाने दूर केली. माइम म्हणजे एका संदेशात मजकूर, चित्र, ध्वनी अशा अनेक प्रकारच्या सामग्रीचे वेगवेगळे भाग करून प्रत्येक भागावर तो कशाचा आहे याची नोंद करण्याची पद्धत होय. अक्षरांव्यतिरिक्तची सामग्री अक्षरांच्या रूपात बदलून पाठवण्यासाठी माइममध्ये बेस-६४ ही सांकेतिक पद्धत वापरली जाते, आणि तिच्यात मूळच्या दर ३ बाइटांसाठी ४ अक्षरे खर्ची पडत असल्याने चित्राचा आकार प्रवासात सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. २० मेगाबाइटची छायाचित्रे संदेशात घातली तर संदेश २६ मेगाबाइटांहून मोठा होतो तो याच कारणाने, आणि अनेक टपाल सेवांची मर्यादा २० ते २५ मेगाबाइटांच्या आसपास असल्याने असा संदेश वाटेतच अडवला जाऊ शकतो.

आजची वार्तापत्रे एचटीएमएलमध्ये, म्हणजे संकेतस्थळांची पाने ज्या खुणांच्या भाषेत लिहिली जातात त्याच भाषेत तयार होतात, आणि त्यांत चित्र दाखवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात चित्र सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटला कायम जोडलेल्या संगणकावर ठेवतात आणि संदेशात फक्त त्याचा पत्ता लिहितात. लिफाफ्यात छायाचित्र न घालता ते कोणत्या स्टुडिओत मिळेल याची चिठ्ठी घालावी, तसा हा प्रकार आहे. वाचकाने संदेश उघडल्यावरच त्याचे साधन त्या पत्त्यावर जाऊन चित्र आणते. दुसऱ्या मार्गात चित्र संदेशाचाच एक माइम भाग म्हणून जोडतात, त्याला एक ओळखक्रमांक देतात आणि मजकुरात योग्य ठिकाणी त्या क्रमांकाचा उल्लेख करतात. तिसऱ्या मार्गात चित्राची बेस-६४ अक्षरे थेट एचटीएमएलच्या ओळीत लिहितात. हा तिसरा मार्ग संकेतस्थळांवर चालतो, परंतु जीमेलसारख्या मोठ्या सेवा तो स्वीकारत नाहीत, म्हणून वार्तापत्रासाठी तो टाळणेच योग्य ठरते.

बहुतेक वार्तापत्रे पहिल्या मार्गाने जातात, कारण त्यात संदेश हलका राहतो आणि हजार वाचकांना तेच चित्र हजार वेळा पाठवावे लागत नाही. मात्र चित्र दिसणे या मार्गात तीन गोष्टींवर अवलंबून राहते : वाचकाच्या साधनाने चित्र आणण्यास संमती दिली पाहिजे, दिलेल्या पत्त्यावर ते कोणालाही मिळाले पाहिजे, आणि मिळालेली फाइल साधनाला वाचता आली पाहिजे. चित्र न दिसण्याची जवळजवळ सर्व कारणे या तीन गोष्टींपैकी एखादीत सापडतात.

निदानाची पहिली पायरी

उपाय सुरू करण्यापूर्वी दोष कोणत्या टोकाला आहे हे ठरवावे लागते, आणि त्यासाठी चार प्रश्न पुरेसे होतात. चित्रे सर्व वाचकांना दिसत नाहीत की काहींनाच? काहींनाच दिसत नसतील तर कारण त्यांच्या साधनात किंवा नेटवर्कमध्ये असण्याची शक्यता अधिक. कोणालाच दिसत नसतील तर दोष पाठवणाऱ्याकडे आहे. सर्व चित्रे गायब आहेत की एखादेच? सर्व गायब असतील तर संमतीचा प्रश्न संभवतो, आणि एकच गायब असेल तर त्या चित्राचा पत्ता किंवा फाइल तपासावी. चित्राच्या जागी काय दिसते? संदेशाच्या वर चित्रे रोखल्याची सूचना असेल तर साधनाने ती मुद्दाम थांबवली आहेत, आणि फुटलेल्या चित्राची खूण असेल तर साधनाने चित्र आणण्याचा प्रयत्न केला पण तो फसला. चौथा प्रश्न काळाचा आहे : चित्र पूर्वी दिसत होते का? पूर्वी दिसून आता नाहीसे झालेले चित्र बहुधा सर्व्हरवरून हटवलेले किंवा दुसरीकडे हलवलेले असते.

यानंतर पाठवणाऱ्याने चित्राचा पत्ता संदेशातून घेऊन, स्वतःच्या खात्यात प्रवेश न केलेल्या दुसऱ्याच मोबाइलवर, कार्यालयाचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून पाहावा. ही चाचणी अत्यंत महत्त्वाची आहे, कारण पाठवणाऱ्याच्या संगणकावर चित्र दिसणे हा पुरावा ठरत नाही. तेथे मूळ फाइल डिस्कवरच असते, खाते उघडे असते, आणि एकदा पाहिलेले चित्र ब्राउझरने साठवूनही ठेवलेले असते. तिऱ्हाइताच्या साधनावर चित्र उघडले तर पत्ता निर्दोष आहे असे समजून वाचकाच्या टोकाकडे वळावे. न उघडल्यास दुरुस्ती घरातच करावी लागणार हे निश्चित होते.

वाचकाचे साधन चित्र का रोखते

चित्र बाहेरून आणले जाते याचा एक परिणाम असा की, ज्या सर्व्हरवर ते ठेवलेले असते त्याला ते कोणी, केव्हा मागितले याची नोंद मिळते. जाहिरातदारांनी या गोष्टीचा उपयोग करून एक पिक्सेल रुंद व एक पिक्सेल उंच, म्हणजे पडद्यावरील एकाच ठिपक्याएवढे अदृश्य चित्र संदेशात घालण्याची प्रथा पाडली. प्रत्येक वाचकासाठी त्याचा पत्ता वेगळा ठेवला की कोणत्या वाचकाने संदेश उघडला हे कळते, आणि फसव्या संदेशांच्या कर्त्यांना कोणता ई-मेल पत्ता वापरात आहे याचाही सुगावा लागतो. या हेरगिरीला आळा घालण्यासाठी मायक्रोसॉफ्टने आउटलुक या आपल्या ई-मेल सॉफ्टवेअरच्या २००३ च्या आवृत्तीपासून बाहेरील चित्रे आपोआप न आणण्याचे धोरण स्वीकारले, आणि अनेक कार्यालयांत ते आजही कायम आहे. शहापुरातील एखाद्या संस्थेचे वार्तापत्र मुंबईतील कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागात जेव्हा चित्रांविना उघडते, तेव्हा बहुधा हेच घडलेले असते.

जीमेलने डिसेंबर २०१३ पासून वेगळा मार्ग धरला. त्यात चित्र वाचकाचे साधन थेट आणत नाही, तर गूगलचा सर्व्हर ते मूळ ठिकाणाहून घेऊन आपल्यामार्फत वाचकाला दाखवतो, त्यामुळे पाठवणाऱ्याला वाचकाचा ठावठिकाणा कळत नाही आणि चित्रे न विचारता दाखवणे सुरक्षित होते. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने याचे दोन परिणाम होतात. चित्र गूगलच्या सर्व्हरला मिळेल अशा खुल्या ठिकाणीच असले पाहिजे. कार्यालयाच्या अंतर्गत सर्व्हरवरील चित्र जीमेलमध्ये दिसणार नाही. तसेच गूगल चित्राची प्रत साठवून ठेवत असल्याने, त्याच नावाने सर्व्हरवर सुधारित चित्र ठेवले तरी काही वाचकांना जुनेच दिसत राहते, म्हणून सुधारित चित्राला नेहमी नवे नाव द्यावे. अॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीत, ती सोय चालू ठेवणाऱ्यांच्या संदेशांतील चित्रे वाचकाने संदेश वाचो वा न वाचो, अॅपलच्या सर्व्हरमार्फत आधीच आणली जाऊ शकतात. त्यामुळे संदेश किती जणांनी उघडला हा आकडा विश्वासार्ह राहिलेला नाही, आणि छोट्या संस्थांनी हा अदृश्य ठिपका काढून टाकण्यात त्यांचे काहीच नुकसान नाही.

वाचकाकडून अपेक्षित असलेली कृती सोपी आहे आणि ती वार्तापत्राच्या पहिल्याच अंकासोबत साध्या मजकुरात सांगावी. आउटलुकमध्ये संदेशाच्या वर येणाऱ्या सूचनेवर क्लिक करून चित्रे आणता येतात आणि पाठवणाऱ्याचा पत्ता सुरक्षित प्रेषकांच्या यादीत घातला की पुढील अंकांत ती आपोआप येतात. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये बाहेरील चित्रे नेहमी दाखवावीत की आधी विचारावे असे दोन पर्याय असून, मोबाइलवरील जीमेलमध्येही खात्याच्या सेटिंग्जखाली ते सापडतात. संदेश स्पॅममध्ये, म्हणजे नको असलेल्या टपालाच्या कप्प्यात पडला असेल तर चित्रे तेथे दाखवली जात नाहीत, म्हणून तो आधी तेथून बाहेर काढावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रेषकाची ओळख तांत्रिकदृष्ट्या पटवण्याचे नियम कडक केले असल्याने, स्वतःच्या डोमेन नावावरून वार्तापत्र पाठवणाऱ्या संस्थेने एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन नोंदी करून घ्याव्यात. पहिली नोंद त्या नावाने कोणते सर्व्हर टपाल पाठवू शकतात हे जाहीर करते, तर दुसरीमुळे प्रत्येक संदेशावरची सांकेतिक सही पडताळून पाहता येते.

पत्त्यातील चुका

पत्त्याच्या चुकांत सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे चित्र इंटरनेटवर न ठेवताच त्याचा संगणकावरील मार्ग संदेशात राहणे. एचटीएमएल पान संगणकावरच्या फोल्डरमधील चित्र घेऊन तयार केले आणि ते तसेच संदेशात चिकटवले, तर चित्राचा पत्ता म्हणून त्या संगणकाच्या डिस्कचा मार्ग लिहिला जातो, आणि तो मार्ग जगात त्या एकाच संगणकाला समजतो. दुसरी चूक गूगल ड्राइव्हच्या दुव्याची आहे. ड्राइव्हवरून मिळणारा सामायिक करण्याचा दुवा हा चित्राचा पत्ता नसून चित्र दाखवणाऱ्या एका पानाचा पत्ता असतो, आणि चित्र सर्वांसाठी खुले केलेले नसेल तर ते पानही परक्या वाचकाला दिसत नाही. वार्तापत्राची चित्रे म्हणूनच संस्थेच्या संकेतस्थळावर किंवा वार्तापत्र पाठवणाऱ्या सेवेच्या चित्रसंग्रहात ठेवावीत.

तिसरी चूक फायलीच्या नावाची असून मराठी वापरकर्त्यांशी ती विशेष निगडित आहे. पत्त्यात केवळ ठरावीक इंग्रजी अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे चालतात. बाकी प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन चिन्हे अशा रूपात लिहावा लागतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या सांकेतिक लेखनात प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे पत्त्यात त्याची ९ चिन्हे होतात. ‘भेंडी’ या नावात भ, एक मात्रा, अनुस्वार, ड आणि दीर्घ वेलांटी अशी ५ युनिकोड चिन्हे असल्याने पत्त्यातील ते नाव ४५ चिन्हांचे बनते. आधुनिक ब्राउझर हे रूपांतर बिनचूक करतात, परंतु टपालाच्या प्रवासात अनेक प्रणाली तो पत्ता हाताळतात आणि त्यांतील एकीनेही चूक केली तर चित्र हरवते. नावातील मोकळ्या जागांचेही असेच होते. म्हणून फाइलला लहान लिपीतील इंग्रजी अक्षरे, अंक आणि जोडरेघ यांचेच नाव द्यावे. लिनक्सवर चालणारे सर्व्हर मोठ्या व लहान लिपीतील अक्षरे भिन्न मानतात, मात्र विंडोज तसे मानत नाही; त्यामुळे कॅमेऱ्याने फायलीच्या नावाचा शेवट मोठ्या लिपीत केलेला असताना पत्त्यात तो लहान लिपीत लिहिला, तर घरच्या संगणकावर दिसणारे चित्र सर्व्हरवरून मिळत नाही.

याखेरीज पत्ता एचटीटीपीएसने, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या खुणेने सुरू झाला पाहिजे, कारण सुरक्षित पानावर असुरक्षित पत्त्यावरील चित्र दाखवण्यास अनेक ब्राउझर व टपाल सेवा नकार देतात. डोमेन नावाचे किंवा होस्टिंगचे, म्हणजे सर्व्हरवरील भाड्याच्या जागेचे नूतनीकरण राहून गेले तर मागील सर्व अंकांची चित्रे एकाच दिवशी नाहीशी होतात. ज्या संस्थेचे वार्तापत्र हाच तिच्या कामाचा अभिलेख आहे, तिने नूतनीकरणाची तारीख एकाच कार्यकर्त्याच्या स्मरणावर सोडू नये, आणि जुन्या अंकांतील चित्रे जागा मोकळी करण्यासाठी हटवू नयेत.

फाइलचा प्रकार, वजन आणि नेटवर्क

पत्ता बरोबर असूनही चित्र न दिसण्याचे कारण फायलीच्या प्रकारात असू शकते. छायाचित्रांसाठी जेपीईजी, बोधचिन्हांसाठी पीएनजी आणि साध्या हलत्या चित्रांसाठी जीआयएफ हे तीन प्रकार सर्वत्र चालतात. वेबपी आणि एसव्हीजी हे प्रकार संकेतस्थळांवर उत्तम दिसत असले तरी विंडोजवरील जुन्या आउटलुकसारख्या साधनांत ते दिसत नाहीत. अॅपलच्या फोनवर २०१७ पासून वापरात आलेला एचईआयसी हा प्रकारही पाठवण्यापूर्वी जेपीईजीमध्ये बदलून घ्यावा. छापील अंकासाठी तयार केलेली चित्रे जशीच्या तशी वापरल्यानेही अडचण होते. छपाईत निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंची सीएमवायके पद्धत असते, तर पडद्याला लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशांची आरजीबी पद्धत लागते. डीटीपी करणाऱ्याकडून कोरलड्रॉमध्ये छपाईसाठी तयार होऊन आलेले सीएमवायके जेपीईजी काही साधनांत उघडत नाही, किंवा उघडले तरी भलत्याच रंगांत दिसते, म्हणून ते आरजीबीमध्ये बदलून मागवावे.

विंडोजवरील आउटलुकने २००७ च्या आवृत्तीपासून संदेश दाखवण्यासाठी वर्डचे यंत्र वापरण्यास सुरुवात केली, आणि त्यामुळे मजकुरामागे ठेवलेली पार्श्वचित्रे त्यात सहसा दिसत नाहीत. त्या पार्श्वचित्रावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर असेल तर पांढऱ्यावर पांढरे होऊन तोही वाचता येत नाही. पार्श्वचित्रासोबत गडद पार्श्वरंग ठरवून दिला की चित्र न आले तरी अक्षरे दिसतात. याउलट दोष गडद प्रदर्शनात, म्हणजे काळ्या पडद्याच्या पर्यायात घडतो : पारदर्शक पार्श्वभूमीवरील काळे बोधचिन्ह काळ्या पडद्यावर अदृश्य होते, आणि चित्र आलेच नाही असे वाचकाला वाटते. बोधचिन्हाभोवती पांढरी कड ठेवणे किंवा त्याला पांढरी पार्श्वभूमी देणे हा त्यावरचा उपाय आहे.

गावाकडच्या टोकाला मुख्य प्रश्न वजनाचा असतो. आजचा मोबाइल काढतो ते छायाचित्र सहज ४ मेगाबाइटांचे असते. नेटवर्कचा वेग सेकंदाला २०० किलोबिट इतका खाली आला, तर एक छायाचित्र येण्यास १६० सेकंद, म्हणजे अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि तोवर वाचक संदेश बंद करून गेलेला असतो. तेच छायाचित्र १५० किलोबाइटांचे केले तर त्याच वेगाने ६ सेकंदांत पोहोचते. वार्तापत्राची रुंदी बहुधा ६०० पिक्सेल असते, आणि दाट पिक्सेलांच्या पडद्यांचा विचार करूनही १२०० पिक्सेल रुंदीचे चित्र पुरते, त्यामुळे ४ मेगाबाइट पाठवण्याने कोणाच्याही पडद्यावर अधिक काही दिसत नाही. मुरबाड तालुक्यातील टोकावडे गावापलीकडे घाटाच्या कुशीतील वाडीवर वार्तापत्र उघडणाऱ्या सभासदासाठी चित्र लहान करणे हा त्याच्या वेळेचा आणि त्याने पैसे देऊन घेतलेल्या डेटाचा मान राखण्याचा प्रश्न आहे.

मराठी वार्तापत्राला जीमेलची आणखी एक मर्यादा इतरांपेक्षा लवकर गाठते. संदेशाचा एचटीएमएल मजकूर सुमारे १०२ किलोबाइटांहून मोठा झाला की जीमेल तो तेथेच कापते आणि उरलेला भाग पाहण्यासाठी दुवा देते. कापलेल्या भागातील चित्रे अर्थातच दिसत नाहीत. इंग्रजी अक्षराला १ बाइट पुरतो, तर देवनागरी चिन्हाला ३ लागतात, म्हणजे ही मर्यादा निव्वळ देवनागरी मजकुरासाठी सुमारे ३४ हजार चिन्हांवर येते, आणि एचटीएमएलच्या खुणा त्यातूनच वजा होतात. वर्डमधून थेट चिकटवलेल्या मजकुरासोबत अशा अनावश्यक खुणांचा मोठा भार येतो, म्हणून मजकूर आधी साध्या रूपात उतरवून मगच वार्तापत्रात घ्यावा. शेवटच्या दोन-तीन चित्रांबद्दलच तक्रार येत असेल, तर प्रथम याच कारणाची शंका घ्यावी.

मजकूरच चित्र झाला तेव्हा

वर सांगितलेल्या सर्व दोषांपेक्षा मराठी वार्तापत्रांचे अधिक नुकसान एका सवयीने होते, आणि ती म्हणजे संपूर्ण मजकूरच चित्राच्या रूपात पाठवण्याची. या सवयीला इतिहास आहे. देवनागरीचा समावेश १९९१ मधील युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत झाला असला, तरी मराठी छपाईचे जग पुढे दीर्घकाळ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या फाँटप्रणालींवर चालले. त्यांत देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेले असत, आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता होऊन दिसे. अशा परिस्थितीत पान चित्र करून पाठवणे हाच मजकूर शाबूत ठेवण्याचा व्यवहार्य मार्ग होता. पुढे संगणक व मोबाइल यांत युनिकोड देवनागरी सर्वत्र आली आणि ते कारण संपले, परंतु सवय टिकली, आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या आकर्षक कार्डांनी ती अधिक पक्की केली.

चित्ररूपातील वार्तापत्र आउटलुकने रोखले तर वाचकाच्या हाती कोरे पान पडते. पाणी टंचाईच्या काळातील टँकरचे वेळापत्रक, आरोग्य शिबिराची तारीख, निर्यातीच्या भेंडीसाठी खरेदीदाराने घातलेल्या अटी किंवा ग्रामसभेची सूचना अशा प्रकारे हरवली, तर ती केवळ देखणेपणाची हानी राहत नाही. चित्रातील मजकूर पुढे शोधूनही सापडत नाही, त्याची अक्षरे मोठी करता येत नाहीत, आणि दृष्टिहीन वाचकांचे पडदावाचक, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर, तो एरवी वाचू शकत नाही. एनव्हीडीए हे मोफत पडदावाचक आपल्या अंगभूत ध्वनियंत्रणेद्वारे मराठी वाचू शकते, मात्र त्यासाठी मराठी ही अक्षरांच्या रूपात असावी लागते.

म्हणून तारीख, वेळ, ठिकाण, रक्कम, संपर्क आणि वाचकाने करावयाची कृती या बाबी कधीही केवळ चित्रात ठेवू नयेत. प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला पर्यायी मजकूर द्यावा. चित्र न आल्यास त्याच्या जागी दिसणारे आणि पडदावाचकाला वाचता येणारे हे वर्णन होय. ‘फोटो १’ अशा पर्यायी मजकुराने वाचकाला काहीच कळत नाही. ‘फांगणे येथील आजीबाईंच्या शाळेत गुलाबी साड्या नेसलेल्या आज्या पाटीवर अक्षरे गिरवत आहेत’ असे लिहिले, तर चित्र रोखलेले असूनही त्यातील गोष्ट पोहोचते आणि ते उघडून पाहण्याची इच्छाही होते. चित्राची रुंदी व उंची आकड्यांत नोंदवली तर ते येण्यापूर्वीही पानाची मांडणी विस्कटत नाही. शोभेच्या रेघा व नक्षी यांना मात्र पर्यायी मजकूर रिकामा ठेवावा, म्हणजे पडदावाचक त्यांवर अडखळत नाही.

पाठवण्यापूर्वीची तपासणी

दोष निघाल्यावर तो शोधण्यापेक्षा पाठवण्यापूर्वी तपासणे स्वस्त पडते, कारण एकदा गेलेला ई-मेल परत घेता येत नाही. सर्व्हरवर ठेवायचे राहून गेलेले चित्र फार तर मागाहून त्याच पत्त्यावर ठेवता येते. प्रत्येक अंकाची एक प्रत जीमेलच्या एका खात्यावर, आउटलुक वापरणाऱ्या एखाद्या स्नेह्याच्या कार्यालयीन पत्त्यावर आणि एका आयफोनवर पाठवून पाहावी. मोबाइलवर ती गडद प्रदर्शनात व मंद नेटवर्कवर उघडावी, आणि मुरबाडच्या बाजारपेठेतील चांगल्या नेटवर्कवर समाधान न मानता आतल्या गावातील एखाद्या सभासदालाही ती उघडायला सांगावी. एकूण चित्रांचे वजन एक मेगाबाइटच्या आत आहे ना, नावे इंग्रजी लहान लिपीत आहेत ना, पत्ते सुरक्षित व खुले आहेत ना, आणि एचटीएमएल शंभर किलोबाइटांच्या खाली आहे ना, एवढे पाहण्यास फारसा वेळ लागत नाही.

शेवटची चाचणी सर्वांत निर्णायक आहे. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये चित्रे विचारल्याशिवाय न दाखवण्याचा पर्याय निवडावा आणि वार्तापत्र पहिल्या ओळीपासून वाचावे. पाठवणारी संस्था कोणती, काय घडले, केव्हा व कोठे घडणार आहे आणि वाचकाने काय करावे, हे एकही चित्र न पाहता स्पष्ट होत असेल, तर अंक पाठवण्यास योग्य झाला असे समजावे. मुंबईच्या कार्यालयात चित्रे रोखली गेली काय किंवा घाटाखालच्या वाडीवर नेटवर्क तुटले काय, अशा अंकातील सूचना हरवत नाही, आणि चित्रे जेथे पोहोचतात तेथे त्या सूचनेला माणसांचे चेहरे मिळतात. या चाचणीला न उतरलेला अंक मात्र कितीही देखणा असला तरी परत मांडणीकडे पाठवावा, कारण ज्यांच्यापर्यंत माहिती सर्वांत कठीण वाटेने जाते त्यांनाच तिची गरज बहुधा सर्वाधिक असते.